उभं बूच

व्हेरने गावात कुठल्या घरचा कारभार कुणाच्या हाती गेला, हे वकिलाच्या आधी गिस्लेनला कळायचं. ती काही कुणाच्या दाराला कान लावून बसणारी बाई नव्हती. 'सोनेरी सिंह' या गावातल्या एकुलत्या एका बऱ्या हॉटेलात ती वाढायचं काम करायची. ऐन विशीत लागली, ती पन्नाशी उलटली तरी तिथंच. बाटली टेबलाशी आणायची, तिच्यावरची चिठ्ठी दाखवायची, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बूच काढायचं, ते हुंगून बशीत ठेवायचं आणि ज्यानं बाटली मागवली त्याच्या पेल्यात घोटभर ओतून थांबायचं. त्यानं पेला फिरवायचा, हुंगायचा, घोट जिभेवर घोळवायचा आणि मान हलवायची. मग आधी बायकांना, नंतर पुरुषांना आणि मान हलवणाऱ्याला सगळ्यात शेवटी.

हा पहिला घोट आवडीनिवडीचा नसतो. बाटली धडधाकट आहे की तिला बूच बाधलंय, एवढंच त्यात बघायचं. बूच बाधलेल्या वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा, कोंदट गोणपाटाचा वास येतो, आणि तो एकदा ओळखता आला की जन्मभर विसरत नाही. पॅरिसहून उन्हाळ्यात येणारे पाहुणे या घोटाची परीक्षा करून टाकतात. डोळे काय मिटतील, जांभळं काय नि दालचिनी काय, वाट्टेल ती नावं घेतील. गिस्लेन बाटली धरून उभी राहायची आणि मनात म्हणायची, अहो, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, मासा गार होतोय.

गावकऱ्यांचं तसं नव्हतं. आमच्याकडे या घोटाला वेगळाच मान. बाप बसलेला असताना पहिला घोट बापाचाच. पण एखाद्या रविवारी गिस्लेन ओतायला वाकली की म्हातारा आपल्या पेल्यावर तळहात आडवा ठेवायचा आणि हनुवटीनं मुलाकडे खूण करायचा. झालं! मळा, तळघर, पिंपं, किल्ल्या, सगळं त्या क्षणी त्या मुलाचं. कागदपत्रं नंतर सावकाश व्हायची. आजूबाजूच्या टेबलांवर लोक बोलायचे थांबायचे आणि मुलगा, मग तो चाळिशीचा का असेना, घोट घेताना लाल व्हायचा.

तळहात नेहमी मुलासाठीच पडायचा. मुलगा नसेल तर जावयासाठी. मुलीसाठी पडलेला गिस्लेननं कधी पाहिला नव्हता.

आणि हा सोहळा पाहायची तिला हौस होती असंही नाही, तिला तो खुपायचा. तिच्या बापाचाही नदीकाठी लहानसा मळा होता. हिवाळ्यात वेली छाटायला बापाबरोबर जायची ती गिस्लेन, थंडीनं बोटं फुटायची तीही तिची. आणि याच हॉटेलात, ती बाटली घेऊन उभी असताना, बापानं पेल्यावर हात ठेवला तो तिच्या भावासाठी. भावाच्या पेल्यात पहिला घोट तिनं स्वतःच्या हातानं ओतला होता. भावानं पुढं मळा विकला आणि गाड्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिस्लेन त्याबद्दल कधी बोलली नाही. पण त्या तुकड्याच्या बाजूनं जाणारा रस्ता तिनं कायमचा सोडला.

आता अरिस्तीद मेतिव्हिए. गावात या माणसाच्या नाकाला देवळातल्या घंटेइतका मान होता. नवी वाइन पिंपात कुठवर आलीय हे विचारायला लोक बरणीत नमुना घेऊन त्याच्या दारी यायचे. तो हुंगायचा, जमिनीकडे बघत म्हणायचा, "अजून महिनाभर छेडू नकोस," आणि माणूस महिनाभर पिंपाकडे फिरकायचा नाही. त्याची बायको लवकर गेली. मुलगा रेमी तूर शहरात दातांचा डॉक्टर. मुलगी क्लोतिल्द घरी. सहा-सात वर्षं छाटणीपासून बाटल्या भरण्यापर्यंत सगळं तीच बघत होती. अरिस्तीद तळघरात खुर्ची टाकून बसायचा आणि "हं" म्हणायचा. पण बाटलीवरची चिठ्ठी होती, 'मेतिव्हिए, पिता आणि पुत्र'. ज्या पुत्रानं वेलीला कधी कात्री लावली नाही, त्याचं नाव बाटलीवर. काम करणारीचं नाव कुठंच नाही.

चारएक वर्षांमागच्या हिवाळ्यात अरिस्तीदला मोठा ताप आला. त्यातून उठला, काठी घेऊन का होईना हिंडू लागला. ईस्टरच्या रविवारी तो क्लोतिल्द आणि शेजारी गास्तों पिलो यांच्यासह जेवायला आला. गास्तों म्हणजे गावभरचा तोंडाळ, मनानं वाईट नाही, पण त्याच्या जिभेला सुट्टी म्हणून नाही. गिस्लेननं बाटली उघडली आणि बूच हुंगलं. पुठ्ठा! शंभर टक्के पुठ्ठा. तिनं तरीही रीतीप्रमाणे घोट ओतला, म्हटलं अरिस्तीदच सांगेल. अरिस्तीदनं पेला फिरवला, हुंगला, नेहमीसारखा वेळ घेतला.

"चांगली आहे," तो म्हणाला.

आता पहिला घोट घेणाऱ्यानं मान हलवली की बाकीच्यांनी ब्र काढायचा नाही, ही आमची रीत. त्यातून मान कुणाची, तर अरिस्तीदची. राजा बोले, दळ हाले. टेबलावर सगळ्यांनी पेले उचलले. गास्तोंचा चेहरा पहिल्या घोटाला कडू औषध प्यायल्यासारखा झाला. मग त्यानं अरिस्तीदकडे बघितलं आणि गिळलं.

"वा! तळघराचा वास कसा छान उतरलाय," गास्तों म्हणाला. "हल्लीच्या पोरांना जमत नाही असलं."

पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनीही तसलीच बाटली मागवली. क्लोतिल्दनं पेला ओठांपर्यंत नेला आणि न पिता खाली ठेवला. "पापा..." एवढं म्हणून ती बापाकडे बघत राहिली.

जेवण झाल्यावर अरिस्तीद दर खेपेसारखा आचाऱ्याला राम राम करायला स्वयंपाकघरात आला. तिथं त्या वेळी दूध करपून कोळसा झालं होतं. खिडक्या सताड उघड्या, आचारी शिव्या देत अंगणात गेलेला आणि गिस्लेन नाकाला एप्रन लावून उभी.

"काय शिजतंय? नाशपाती का?" अरिस्तीदनं चुलीशी उभं राहून हसत विचारलं.

गिस्लेननं काळंठिक्कर पातेलं उचललं आणि मोरीत ठेवलं. अरिस्तीदनं पातेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्या म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. गेलेल्या माणसाच्या घरी जसे लोक उभे राहतात, तसा तो थोडा वेळ उभा राहिला आणि टोपी डोक्यावर घालून निघून गेला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. गिस्लेननं ती मूठ झाकली. पुढच्या खेपेला अरिस्तीद आला तेव्हा तिनं बूच हुंगून नेहमीसारखं बशीत आडवं ठेवलं आणि बशी त्याच्या हाताशी सरकवली. त्यानंतर एकदा बाटली बाधलेली निघाली, तेव्हा बूच उभं ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं. अरिस्तीदच्या भुवया जराशा हलल्या. त्यानं पेला फिरवला, हुंगला, वेळ घेतला.

"बाधलीय. दुसरी आण पोरी."

या गोष्टीबद्दल दोघं कधी एक शब्द बोलली नाहीत. आडवं म्हणजे चांगली, उभं म्हणजे बाधलेली. गिस्लेननं त्यात एकदाही फसवलं नाही. मोसम गेले, गावाला पत्ता लागला नाही. नमुन्याची बरणी घेऊन कुणी आलंच, तर अरिस्तीद म्हणायचा, "आता तुम्ही तरुणांनी बघा. किती दिवस म्हाताऱ्याच्या नाकानं श्वास घेणार?" लोकांना हे मोठेपण वाटायचं. गिस्लेनला मात्र त्याची कीव यायची आणि कधीकधी रागही यायचा. अरे बाबा, तुझ्या घरात धडधाकट नाक आहे की! त्याला एकदा तरी विचार!

मग ते जानेवारीतलं साँ व्हाँसाँचं जेवण आलं. साँ व्हाँसाँ हा आम्हा द्राक्षवाल्यांचा संत. सकाळी त्याची मूर्ती गोठलेल्या रस्त्यांवरून मिरवायची, दुपारी अख्ख्या गावानं 'सोनेरी सिंह'मध्ये जेवायचं. त्या वर्षी रेमी तूरहून आला होता. बापानं फोन करून मुद्दाम बोलावलं होतं, आणि फोन पोस्टातल्या बाईनं जोडून दिला होता, म्हणजे गावात दवंडीच.

"आज म्हातारा हात ठेवणार बरं का," गास्तों दारातच गिस्लेनला म्हणाला. "सुनेला म्हणे गावाकडचं घर हवंय. पोरगा दातही बघेल नि द्राक्षंही. दोन्ही उपटायचीच कामं!"

"आणि क्लोतिल्द?" गिस्लेननं विचारलं.

"तिचं काय? ती आहेच की."

ती आहेच की! हे वाक्य गिस्लेनला चांगलं माहीत होतं. तिच्याबद्दलही लोक हेच म्हणाले होते.

अरिस्तीदनं रेमीला उजव्या हाताला बसवलं होतं. क्लोतिल्द टेबलाच्या पार टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथं जाता-येता ताटं डोक्यावरून जातात. तिचे हात लालभडक, सकाळीच दोन ओळी छाटून आलेली. बाटली तिचीच होती, वरच्या उतारावरच्या जुन्या वेलींची. फळ तोडण्यापासून बूच ठोकण्यापर्यंत बापाचं 'हं'सुद्धा न घेता केलेली पहिली वाइन. तिच्याखेरीज आजवर कुणी चाखली नव्हती. ती वाइन टेबलावर आणा असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं आणि आता ती ब्रेडचा तुकडा बोटांनी चुरत बसली होती. त्या बाटलीत तिची सात वर्षं होती. गिस्लेनला ते बघवेना.

तिनं बाटली नेली, चिठ्ठी दाखवली. 'पिता आणि पुत्र'.

"ही मुलीच्या हातची," अरिस्तीद गास्तोंकडे वळून मोठ्यानं म्हणाला. "बघू या, पिण्याजोगी झालीय का."

सगळे हसले. रेमीही हसला, बिचारा, त्याला काय ठाऊक. क्लोतिल्दही हसली, आणि तिचं ते हसणं बघून गिस्लेनच्या छातीत काहीतरी पेटलं.

तिनं बूच काढलं, हुंगलं. बुचाला ओल्या मातीचा आणि पिकल्या बोरांचा स्वच्छ वास होता. बाटली इतकी चांगली होती की तिचे डोळे भरून आले. अरिस्तीदचा तळहात टेबलावरून उचलला जात होता, पेल्याच्या दिशेनं. एकदा तो पेल्यावर पडला की संपलं, घोट रेमीचा. बाधलेली बाटली हा माणूस पोराच्या पेल्यात कधीच पडू देणार नाही, कारण पोराला ती ओळखता यायची नाही आणि गावासमोर नाक कापलं जाईल, एवढं गिस्लेनला पक्कं माहीत होतं. विचार असा तिनं केलाच नाही. हातच बशीकडे गेला आणि बूच उभं ठेवून आला.

अरिस्तीदचा तळहात हवेत थांबला.

आणि तेव्हा गिस्लेनच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. आता हा म्हणेल, बाधलीय! झालं, क्लोतिल्दची पहिली बाटली, गावजेवणात, बापाच्या तोंडून. बूच बाधणं हा बुचाचा दोष, करणाऱ्याचा नाही, हे सगळ्यांना कळतं. पण गास्तोंच्या तोंडाला हे कोण समजावणार? संध्याकाळपर्यंत नदीपलीकडच्या गावांत म्हणतील, मुलीच्या हातची वाइन बापानं परत पाठवली. ज्या पोरीसाठी केलं, तिचाच गळा आपण कापला. बूच उचलून आडवं करावं, तर सगळं टेबल बघत होतं. तिनं घोटभर ओतलं आणि ती उभी राहिली. दुसरं काय करणार?

अरिस्तीदनं पेला फिरवला. हुंगला. खूप वेळ हुंगला. त्याची नजर बुचावर, मग गिस्लेनच्या हातांवर आणि मग पेल्यात. नंतर त्यानं पेला न चाखताच खाली ठेवला आणि बोटांनी टेबलावरून पुढं सरकवला. रेमीच्या समोरून, गास्तोंच्या समोरून.

"तिला दे," तो म्हणाला.

"कुणाला?" गास्तोंनं विचारलं.

"जिनं केलीय तिला. मी काय सांगणार? मला वास येत नाही, गास्तों. चार वर्षं झाली."

गास्तोंनं तोंड उघडलं आणि, गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच, काही न बोलता मिटलं. ईस्टरची ती वाइन त्याला आठवत असणार.

पेला हातोहात टोकाला गेला. क्लोतिल्द उभी राहिली, का ते तिलाही कळलं नसेल. तिनं हुंगलं, घोट घेतला. ती लाल झाली नाही. उलट चेहरा एकदम शांत झाला, तळघरात एकटी असताना असेल तसा.

"चांगली आहे, पापा," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "खूपच चांगली आहे."

"मग वाढ की गिस्लेन, बघतेस काय!" म्हातारा ओरडला. "बायका आधी!"

रेमीनं आपला पेला पुढं केला आणि बहिणीकडे बघून म्हणाला, "सुटलो गं बाई. बायकोला मीच समजावतो." लोक हसले, आणि मग बोलणं, ताटं, मासा, लोण्याचा रस्सा, सगळं पुन्हा सुरू झालं. गिस्लेन वाढत होती, पण अरिस्तीदच्या बाजूला गेली की तिची नजर वर होत नव्हती. वाइन चांगली होती, हे आता सगळ्यांना कळलं होतं. म्हणजे बूच खोटं होतं, हे एकाला कळलं होतं.

जेवण संपल्यावर ती त्याचा कोट घेऊन बोळात उभी राहिली. अरिस्तीदनं एक हात बाहीत घातला आणि तो तिथंच थांबला.

"तुझंही नाक गेलं की काय, पोरी?"

"नाही, मोस्यू अरिस्तीद." तिनं खरं ते सांगून टाकलं. "वाइन चांगली आहे हे मला माहीत होतं. मी तुम्हाला फसवलं. तुम्ही बाधलीय म्हणाला असता तर मी..."

"मलाही माहीत होतं."

"कसं?" गिस्लेननं विचारलं.

"बाधलेल्या बाटलीचं बूच तू ठेवतेस ना, ते टक्कन ठेवतेस. खिळा मारावा तसं," अरिस्तीद म्हणाला. "आज तुझा हात कापत होता. वास येत नाही मला, दिसतं अजून."

"मग चांगली आहे म्हणून तुम्हीच का नाही सांगितलंत? रेमीला द्यायचं होतं ना?"

"द्यायचं होतं. हात उचललाच होता." त्यानं दुसरी बाही शोधायला सुरुवात केली, सापडेना, तिनं ती धरली. "मग ते बूच बघितलं. म्हटलं, ही बाई इतकी वर्षं माझी लाज राखतेय. माझ्याशी एकदा खोटं वागली नाही. आज तिला खोटं वागावं लागलं, म्हणजे मीच काहीतरी फार वाईट करायला निघालो असणार."

गिस्लेनला रडू आवरलं नाही. बापाच्या वेळी ती रडली नव्हती. ते सगळं त्या बोळात, कोटांच्या खुंट्यांखाली, बाहेर आलं. अरिस्तीद अवघडून उभा राहिला, त्यानं तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि म्हणाला, "तुझ्या बापाला त्या दिवशी कुणी बूच उभं करून दाखवायला हवं होतं. मी बसलो होतो पलीकडच्या टेबलावर. तुझे फुटलेले हात मला दिसले होते. मी काही बोललो नाही."

"तुमचा मळा नव्हता तो."

"तोंड तर माझं होतं ना," तो म्हणाला आणि काठी घेऊन निघाला.

त्या उन्हाळ्यातही बाटल्यांवर 'पिता आणि पुत्र'च होतं, कारण छापलेल्या चिठ्ठ्या मुबलक उरल्या होत्या आणि मेतिव्हिए घराण्यात कागद फुकट घालवायची पद्धत नाही. रविवारी बापलेक जेवायला येतात. गिस्लेन बूच काढते, हुंगते आणि पहिला घोट क्लोतिल्दच्या पेल्यात ओतते. पण बशी मात्र अजूनही म्हाताऱ्याच्या हाताशी ठेवते. क्लोतिल्द पेला फिरवत असते तेवढ्यात तो हळूच बुचाकडे बघून घेतो. मुलगी बोलायच्या आधी त्याला ठाऊक झालेलं असतं, आणि तरीही ती काय म्हणते ते ऐकायला तो मान वर करून थांबतो.